तात्या टोपे : सिप्रीचा खटला आणि लोकांपर्यंत पोहोचलेली माहिती

प्रास्ताविक



१० एप्रिल १८५९ रोजी मध्य हिंदुस्थानातील मुशैरी येथील इंग्रज छावणीत एका कैद्याची जबानी घेण्यात आली. रिवाजाप्रमाणे आरंभी नाव, बापाचे नाव, मूळ ठिकाण, वय आणि नोकरी यांची नोंद झाली. मुन्शीने कैद्याचे बोलणे लिहून घेतले आणि पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. आज अभ्यासकांपुढे आहे ते हे भाषांतर. त्यात वडिलांचे मूळ गाव जोला, परगणा पाटोदे, जिल्हा नगर असे छापलेले आढळते. नगर जिल्ह्याच्या नकाशात जोला शोधत बसण्याचे कारण नाही. पाटोदे हे गाव आजही येवले तालुक्यात आहे; नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा होईपर्यंत हा मुलूख नगरकडे मोडत होता. जोला म्हणजे येवला, आणि तो कैदी म्हणजे रामचंद्र पांडुरंग येवलेकर, अर्थात तात्या टोपे.

गावाचे नाव बिघडले ही तशी किरकोळ बाब. परंतु ज्या कागदात माणसाचे गाव ओळखू येईनासे झाले, त्याच कागदावर त्याच्या आयुष्याविषयीच्या आपल्या माहितीचा फार मोठा भाग उभा आहे, हे तुम्ही सुरुवातीसच लक्षात घ्यावे. तात्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या तोंडचे म्हणून जे सलग निवेदन उपलब्ध आहे ते हेच, आणि ते त्यांना पकडणाऱ्यांच्या छावणीत, पकडणाऱ्यांच्या अधिकाऱ्यासमोर नोंदले गेले. चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना चरित्रनायकाने काय केले हा प्रश्न आपण विचारतोच. या घटकात त्याच्या जोडीने दुसरा प्रश्न सतत विचारायचा आहे : हे आपल्याला कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याने काय स्वतःकडे ठेवून घेतले?

येवल्याहून ब्रह्मावर्तास

तात्यांचा जन्म १८१४ च्या सुमारास येवल्यास झाला. पैठणी आणि रेशमी विणकामासाठी तुम्ही ओळखता ते हे गाव त्या वेळी पेशव्यांच्या राज्यात होते. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. जून १८१८ मध्ये बाजीरावांनी जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होऊन राज्य सोडले आणि सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर कानपूरजवळ ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर जी कुटुंबे उत्तरेस गेली, त्यांत टोप्यांचे घर होते. म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा तात्या चार-पाच वर्षांचे मूल होते. हा तपशील वरवर साधा दिसतो. पण पुढे त्यांच्या खटल्यासंबंधी जो सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला, त्याचे मूळ या तपशिलात आहे.

टोपे या नावाची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. बाजीरावांनी प्रसन्न होऊन रत्नजडित टोपी दिली असे एक. तोफखान्याशी आलेल्या संबंधावरून नाव पडले असे दुसरे. दोहोंपैकी एकावर बोट ठेवावे इतका भक्कम पुरावा नाही. पहिली कथा अधिक लोकप्रिय आहे आणि ती सांगायलाही अधिक बरी वाटते, एवढेच म्हणता येईल.

२८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले. दत्तक पुत्र नानासाहेब यांना नेमणूक पुढे चालविण्यास कंपनी सरकारने नकार दिला. नानासाहेबांनी १८५३ मध्ये अझीमुल्ला खान यांना विलायतेस पाठविले. तेथेही दाद लागली नाही. या साऱ्या काळात तात्या नानासाहेबांच्या निकटच्या परिवारात वावरत होते. जबानीत त्यांनी आपले नाते मुसाहिबाचे, म्हणजे धन्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या सेवकाचे, असे सांगितले आहे. लष्करी शिक्षण घेतल्याचा उल्लेख नाही. चाळिशी उलटेपर्यंत या गृहस्थाने मोठी लढाई पाहिलेली नव्हती.

कानपूर, झाशी, ग्वाल्हेर

जून १८५७ च्या पहिल्या आठवड्यात कानपूरची पलटणे उठली. जनरल व्हीलर यांच्या मोर्चाला सुमारे तीन आठवडे वेढा पडला. अखेरीस इंग्रजांना नावांतून अलाहाबादेकडे जाऊ देण्याचा करार झाला आणि २७ जून रोजी सतीचौरा घाटावर, लोक नावांत बसत असतानाच, हत्याकांड झाले. जुलैच्या मध्यास बिबीघरात ठेवलेल्या स्त्रिया व मुले मारली गेली.

या घटनांत तात्यांचा हात किती? जबानीत त्यांनी म्हटले आहे की नानासाहेबांना शिपायांनी घेरून आपल्याबरोबर ओढले. आपण नावांची तजवीज केली, मंडळींना बसविले, आणि शिपायांनी पाण्यात उड्या टाकून कत्तल आरंभली. याउलट कर्नल विल्यम्स या इंग्रज अधिकाऱ्याने कानपुरात जमविलेल्या साक्षींमध्ये घाटावर हुकूम देणाऱ्यांत तात्यांचे नाव घेतले गेले. दोन्ही बाजू एकमेकींसमोर उभ्या करून, उलटतपासणी घेऊन, कोणत्याही न्यायालयाने हा प्रश्न कधी निकालात काढला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

लढाया येथे विस्ताराने सांगत नाही; इतिहासाच्या पुस्तकांत त्या तुम्हाला मिळतील. ग्वाल्हेरची बंडखोर पलटणे वळवून तात्यांनी २७ व २८ नोव्हेंबर १८५७ रोजी जनरल विंडहॅम यांना मागे रेटले आणि कानपूर शहर काबीज केले. ६ डिसेंबरला सर कॉलिन कॅम्पबेल यांनी ते परत घेतले. झाशीचा वेढा उठविण्यासाठी आलेली त्यांची मोठी फौज १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी सर ह्यू रोज यांच्याकडून मोडली. त्यानंतर कोंच आणि काल्पी येथे पराभव झाले. आता सारे संपले असे इंग्रजांस वाटत असता तात्या गुपचूप ग्वाल्हेरास गेले आणि जयाजीराव शिंदे यांच्या सैन्याशी संधान बांधून आले. १ जून रोजी शिंद्यांचे बहुतेक सैन्य बंडखोरांकडे गेले आणि ग्वाल्हेरचा किल्ला हाती आला. हा विजय तलवारीपेक्षा बातमीच्या जोरावर मिळालेला होता. तो टिकला मात्र तीन आठवडेही नाही. महिन्याच्या मध्यास राणी लक्ष्मीबाई पडल्या, २२ जूनला जौरा-अलीपूर येथे तोफा गेल्या, आणि तात्या रावसाहेब पेशव्यांसह पश्चिमेकडे निघाले.

बातमीचे युद्ध

जून १८५८ अखेरपासून जवळजवळ नऊ-दहा महिने तात्या पळत होते, असे इंग्रज लेखक म्हणतात. पळणे हा शब्द पुरा नाही. टोंक, भिलवाडा, बनास नदी, चंबळ, झालरापाटण, राजगड असा फेर घेत ते ऑक्टोबरअखेर नर्मदा उतरून दक्षिणेस आले. पेशव्यांचा माणूस पेशव्यांच्या नावाने सातपुड्याकडे सरकतो आहे या बातमीने मुंबई सरकार अस्वस्थ झाले. त्याला कारणही होते. नाशिक-नगरच्या डोंगराळ भागात भागोजी नाईक यांच्या भिल्लांचे बंड १८५७ च्या ऑक्टोबरपासून धुमसत होते. तात्या दख्खनेत उतरू शकले नाहीत. डिसेंबरच्या आरंभी छोटा उदेपूर येथे मार खाऊन ते पुन्हा राजस्थानाकडे वळले. येवल्याच्या दिशेने त्यांनी आयुष्यात घेतलेली ती शेवटची वाट.

अनेक इंग्रज फौजा त्यांच्या मागावर होत्या. इंग्रजांपाशी तारायंत्र होते. एका छावणीतील खबर दुसरीला तासाभरात कळू शके. तात्यांपाशी तारा नव्हत्या. त्यांच्यापाशी होती ती नद्यांचे उतार दाखविणारी, घोडी पुरविणारी आणि विचारल्यावर काहीच न सांगणारी माणसे. सगळीच माणसे तशी नव्हती, हेही म्हटले पाहिजे. त्यांच्या फौजेने लुटलेल्या गावांना तात्यांविषयी प्रेम वाटण्याचे कारण नव्हते. तरी दहा महिने एवढा मोठा जथा सापडत नाही याचा अर्थ, त्याच्याविषयीची माहिती सरकारपर्यंत वेळेवर पोहोचत नव्हती असाच होतो.

जानेवारी १८५९ मध्ये दौसा व सीकर येथील पराभवांनंतर हा जथा विखुरला. जबानीनुसार, आपण आता धावून थकलो आहोत, संधी मिळताच वेगळे होऊ, असे तात्यांनी रावसाहेबांना सांगितले होते. मोजकी माणसे घेऊन ते नरवरच्या मानसिंहाच्या आश्रयास, पारोणच्या जंगलात गेले.

मानसिंह हा शिंद्यांचा मांडलिक. वारशाच्या तंट्यावरून तो शिंद्यांविरुद्ध उठला होता. मेजर मीड यांनी त्याच्या घरच्या स्त्रियांना प्रथम ताब्यात घेतले, नंतर मध्यस्थांमार्फत बोलणी लावली, आणि २ एप्रिल रोजी तो स्वाधीन झाला. तात्या कोठे लपले आहेत हे त्याला ठाऊक होते. ती माहिती त्याच्याकडून कोणत्या आशेवर काढून घेण्यात आली, कोणती वचने स्पष्ट दिली गेली आणि कोणती नुसती सूचित केली गेली, हा सारा व्यवहार मीड आणि मानसिंह यांच्यातला राहिला. ७ एप्रिलच्या रात्री मुंबई लष्कराच्या देशी पायदळाची एक तुकडी मानसिंहाबरोबर पाठविण्यात आली. तो दाखवील त्या संशयितास धरावे एवढाच हुकूम शिपायांना होता. आपण कोणाला धरावयास चाललो आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते. तात्या झोपेत सापडले.

सरकारने आपल्याच शिपायांपासून नाव लपविले यात नवल नाही. ज्या माणसाची खबर देशी माणसे दहा महिने बाहेर फुटू देत नव्हती, त्याला पकडण्याची खबरही देशी माणसांतूनच फुटण्याची भीती होती. याच वेळी मानसिंहाने फोडलेली बातमी मात्र सरकारच्या उपयोगाची होती. तेव्हा त्याच्यावर खटला झाला नाही.

अकरा दिवस

अटक ७ एप्रिलच्या रात्री, जबानी १० एप्रिल, लष्करी न्यायालय १५ एप्रिल, फाशी १८ एप्रिल. या अकरा दिवसांवर आपण थोडे थांबू या.

ज्या कायद्यांच्या आधारे अशी न्यायालये बसत होती ती १८५७ च्या मे-जून महिन्यांत घाईघाईने तयार झाली. लष्करी नियमांखाली नसलेल्या माणसांनाही लष्करी न्यायालयापुढे उभे करता येऊ लागले. विशेष आयोगांच्या निकालावर अपील राहिले नाही. त्याच जूनच्या १३ तारखेस छापखान्यांवर परवान्याची सक्ती करणारा कायदा एक वर्षासाठी लागू झाला. न्यायालय आणि वृत्तपत्र या दोहोंवरील बंधने एकाच महिन्यात यावीत हा योगायोग समजू नये. १८५९ च्या एप्रिलात छापखान्याचा कायदा संपलेला होता, परंतु दोन वर्षांच्या धाकानंतर देशी छापखाना सरकारी खटल्याविषयी मोकळेपणाने लिहील ही अपेक्षा व्यर्थ होती.

सिप्री, म्हणजे आजचे शिवपुरी, हे छावणीचे ठिकाण. न्यायासनावर बसलेले सारे लष्करी अधिकारी होते, म्हणजे ज्या सैन्याविरुद्ध आरोपी लढला त्याच सैन्याचे. आरोप असा की १८५७ व १८५८ या वर्षांत त्याने ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड केले आणि युद्ध पुकारले. सतीचौरा घाटावरील हत्येचा स्वतंत्र आरोप त्यात नव्हता. येथे तुम्ही क्षणभर थांबून विचार करावा. इंग्रजी जनमतात तात्यांचे नाव कानपूरशी जोडले गेले होते. विल्यम्स यांनी गोळा केलेल्या साक्षी होत्या. तो आरोप ठेवला असता तर साक्षीदार आणावे लागले असते, त्यांच्या बोलण्यातील विसंगती उघड झाल्या असत्या, कदाचित तात्या खरोखरच दोषी ठरले असते. तसे झाले नाही. बंडाचा आरोप सिद्ध करण्यास फारसा पुरावा लागत नव्हता. त्यामुळे घाटावर काय घडले याचा उलगडा होण्याची शेवटची संधी गेली, आणि ती तात्यांच्या शत्रूंसाठी जितकी गेली तितकीच त्यांच्या चाहत्यांसाठीही.

तात्यांचा बचाव थोडक्यात होता. काल्पी पडेपर्यंत आपण नानासाहेबांच्या आणि त्यानंतर रावसाहेबांच्या आज्ञेप्रमाणे वागलो. युरोपियन पुरुष, स्त्रिया वा मुले यांच्या हत्येशी आपला संबंध नाही. याहून अधिक काही सांगावयाचे नाही. या बचावामागे एक कायदेशीर प्रश्न दडलेला आहे. राजद्रोह करायला आधी प्रजाजन असावे लागते. पेशव्यांच्या राज्यात जन्मलेला, पेशव्यांच्या वारसाची चाकरी करणारा माणूस कंपनी सरकारचा प्रजाजन केव्हा झाला? धन्याची आज्ञा पाळणारा सरदार आणि प्रजेतून उठलेला बंडखोर यांना एकच शिक्षा कशी? वीस वर्षांनंतर कर्नल मॅलिसन या इंग्रज इतिहासकारालाही हा प्रश्न बोचला. तात्यांवर इंग्रजांशी निष्ठेने वागण्याचे बंधन मुळातच नव्हते आणि बंडाच्या आरोपावरून त्यांना फाशी देण्याचा निकाल पुढच्या पिढ्या मान्य करतील की नाही याची शंका आहे, अशा अर्थाचे मत त्यांनी आपल्या इतिहासात नोंदविले. सिप्रीच्या न्यायालयाने मात्र या प्रश्नाला उत्तर दिल्याचे दिसत नाही. लष्करी न्यायालय दोषी किंवा निर्दोष एवढे सांगते. कारणमीमांसा करणारे विस्तृत निकालपत्र ही दिवाणी न्यायाची सवय आहे, छावणीची नव्हे.

तुलनेसाठी दिल्लीचा खटला पाहा. बादशहा बहादूरशहा जफर यांच्यावरही लष्करी आयोगच बसला होता. २७ जानेवारी ते ९ मार्च १८५८ या काळात लाल किल्ल्याच्या दिवाण-इ-खासमध्ये सुनावणी झाली. साक्षी आणि कागद यांचा तो सारा दफ्तर १८५९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटसाठी छापला गेला. तो न्याय होता असे कोणी म्हणणार नाही. पण छापलेला असल्यामुळे तो न्याय नव्हता हे आज आपल्याला सिद्ध करता येते. साक्षीदार कोण, कोणता कागद संशयास्पद, कोठे बादशहाला बोलू दिले नाही, हे बोट ठेवून दाखविता येते. तात्यांच्या खटल्यात आरोप, बचावाचा सारांश आणि जबानी यांवर आपल्याला भागवावे लागते.

जबानीसुद्धा कशी वाचावी? तिच्या मथळ्यावर ती स्वखुशीने दिलेली आहे असे लिहिले आहे. मजकूर बहुतांशी मुक्कामांचा आहे : अमुक गावी गेलो, इतके दिवस राहिलो, लढाई झाली, तोफा गेल्या. युद्ध का केले याविषयी जवळजवळ काही नाही. तात्यांच्या मनात काही नव्हते म्हणून ते आले नाही, की विचारले गेले नाही म्हणून? मराठीत बोलू शकणाऱ्या माणसाने परक्या मुन्शीसमोर मोजकेच बोलण्याचे ठरविले असेल काय? निश्चित उत्तर देता येत नाही. परंतु जबानी हा दोघांनी मिळून तयार केलेला मजकूर असतो, एक विचारणारा आणि एक सांगणारा, आणि छापील कागदात विचारणाऱ्याचे प्रश्न बहुधा गाळलेले असतात. पोलीस ठाण्यात नोंदविलेले निवेदन तुमच्यापैकी कोणी वाचले असेल तर ही रीत त्याला ओळखीची वाटेल.

फाशी आणि वदंता

१८ एप्रिल रोजी सायंकाळच्या सुमारास सिप्रीच्या मैदानावर मोठा जमाव आणि पलटणींच्या रांगा यांच्यादेखत फाशी देण्यात आली. तात्यांनी स्वतः होऊन गळा फासात दिला असे इंग्रज वृत्तान्तही सांगतात. त्यानंतर गोऱ्या प्रेक्षकांनी आठवण म्हणून त्यांच्या केसांच्या बटा घेतल्याचे वर्णन मिळते. शिक्षा सर्वांनी पाहावी अशी सरकारची इच्छा होती. शिक्षेचे कारण सर्वांनी तपासावे अशी नव्हती.

हीच रीत पुढे पॅरिसमध्ये दिसते. डिसेंबर १८९४ मध्ये कॅप्टन आल्फ्रेड द्रेफस या फ्रेंच अधिकाऱ्यावर लष्करी गुपिते जर्मनीला पुरविल्याच्या आरोपावरून बंद दाराआड खटला चालला. आरोपीला न दाखविलेले कागद न्यायाधीशांना गुप्तपणे देण्यात आले. ५ जानेवारी १८९५ रोजी मात्र लष्करी विद्यालयाच्या पटांगणात, जमावासमोर, त्याची पदचिन्हे फाडून तलवार मोडण्यात आली. द्रेफस निर्दोष होता. ते अधिकृतपणे मान्य होण्यास १९०६ साल उजाडले, आणि तेही वृत्तपत्रांनी ते गुप्त कागद उजेडात ओढल्यामुळे. द्रेफस जिवंत होता म्हणून त्याला त्याचा उपयोग झाला. अकरा दिवसांत फासावर गेलेल्या माणसाच्या बाबतीत ती शक्यता राहिली नाही.

आपल्याकडे सरकारी गुपितांचा स्वतंत्र कायदा १८८९ मध्ये आला. त्याच्या जागी आलेला १९२३ चा कायदा स्वतंत्र भारतात आजही लागू आहे. त्यातील एका कलमान्वये, माहिती उघड होण्याने देशाच्या सुरक्षिततेस बाधा येईल असे वाटल्यास सुनावणीतून लोकांना बाहेर ठेवता येते. शिक्षा मात्र उघड न्यायालयातच सुनवावी लागते. सिप्रीच्या मैदानाची आठवण करून देणारी ही तरतूद आहे. खऱ्या लष्करी गुपितांचे रक्षण कोणत्याही राज्याला करावेच लागेल. ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण गुपित कोणते आणि गैरसोयीचे सत्य कोणते, हे ठरविण्याचा अधिकार आरोप ठेवणाऱ्याकडेच राहिला की तो कोणाच्या बाजूने वापरला जातो, हे तात्यांच्या उदाहरणावरून तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

फाशी एवढी उघड देऊनही ती लोकांना खरी वाटली नाही. पकडलेला मनुष्य तात्या नव्हताच, मानसिंहाने दुसऱ्यालाच पुढे केले, खरे तात्या साधुवेषात पुढे कित्येक वर्षे हिंडत होते, अशा वदंता उत्तरेत आणि महाराष्ट्रात चालत राहिल्या. टोपे घराण्याच्या परंपरेतही त्यांना स्थान मिळाले. तात्या सापडल्याच्या खबरांवर सरकारलाच पुढे काही वर्षे चौकश्या कराव्या लागल्या. बहुतेक इतिहासकार सिप्रीला फाशी गेलेला पुरुष तात्याच होता असे मानतात, आणि उपलब्ध पुराव्यावरून तेच सयुक्तिक दिसते. जबानीतील येवल्याचा, पाटोदे परगण्याचा तपशील एखाद्या तोतयाने दिला असेल हे पटणे कठीण आहे. परंतु या वदंतांना भोळसटपणा म्हणून बाजूस सारू नका. ज्या लोकांना ओळख कशी पटविली, साक्षी कोणी दिल्या, मानसिंहाशी काय ठरले, यांपैकी काहीच कधी सांगितले गेले नाही, त्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? एका ठिकाणी माहिती अडविली की दुसऱ्या ठिकाणी कथा तयार होते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही.

मराठी वाचकापर्यंत

तात्यांविषयीचे कागद लंडन आणि कलकत्ता येथील दफ्तरांत गेले. भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातील इंग्रजी साधने वाचून १८५७ वरील आपला ग्रंथ मराठीत लिहिला. १९०९ मध्ये, लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच, हिंदुस्थान सरकारने त्यावर बंदी घातली. साधने सरकारी ग्रंथालयात वाचता येत होती. त्यांतून मराठीत काढलेला अर्थ नाशिकच्या वाचकाने वाचणे गुन्हा होता. ग्रंथातील मतांशी कोणी सहमत असो वा नसो, या विसंगतीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तुमच्या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण मात्र विष्णुभट गोडसे यांचे आहे. वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि बंडात सापडले. बेतवेच्या काठी तात्यांची फौज मोडली तेव्हा ते वेढलेल्या झाशीत होते. तात्या येणार या आशेने शहर कसे जागत होते आणि ती आशा मावळल्यावर काय झाले, हे तटाच्या आतून पाहून मराठीत लिहिणारा हा साक्षीदार. कोणत्याही न्यायालयाने त्यांना बोलाविले नाही, आणि बोलाविले असते तरी ते गेले नसते. परत आल्यावर त्यांनी जवळजवळ पाव शतक काही लिहिले नाही. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहून काढला, पण तो आपल्या हयातीत छापू नये अशी अट घातली. बंडवाल्यांच्या सहवासाची कबुली देण्याची भीती त्या वेळीही गेलेली नव्हती.

वैद्यांनी ती अट पाळली. लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्ये पुस्तक निघाले, तेही भाषेवर व मजकुरावर संपादकाचा हात फिरवून. विष्णुभटांनी लिहिले तसे मूळ हस्तलिखित दत्तो वामन पोतदार यांनी संपादून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. बेतवेच्या लढाईला तोपर्यंत १०८ वर्षे झाली होती.